खालच्या ओळीतले न वाजणारे सूर

ताई,

एका गाण्याला सात फाइली कशासाठी लागतात, हे न सांगताच तू गेलीस. आईच्या पहिल्या गाण्याच्या फाइलींची नावं मी तुझ्या लॅपटॉपवरून वहीत उतरवून घेतली: ‘शेवटची’, ‘शेवटची पक्की’, ‘हीच’, ‘हीच खरी’, ‘बायकांसाठी मोठी अक्षरं’, ‘सुनीलने बिघडवलेली’ आणि ‘सुनीलने हात लावायच्या आधीची’. अशी बावीस गाणी. नावं नीट ठेव, तारीख घालून ठेव, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल. तू म्हणायचीस, “मला कळतंय ना कुठली कुठली ते. तुला कशाला पाहिजे?” आता मलाच पाहिजे होतं, ताई, आणि हातात थोडेच दिवस होते.

भेटायला येणारी माणसं तुझ्या शाळेबद्दल बोलतात, आवाजाबद्दल बोलतात, तू कुणाकुणाच्या मुलींना फुकट शिकवलंस ते सांगतात. मी मान हलवतो. मनात मात्र तुझ्याशी भांडण चालू असतं. समोरच्याला वाटतं, भाऊ किती शांत आहे.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शीलाताई आणि कमलमावशी जुईनगरला माझ्या घरी आल्या. कोपरखैरण्याच्या विहारात तू रविवारी गाणं शिकवायचीस, त्या वर्गातल्या या दोघी मला नुसत्या तोंडओळखीच्या. शीलाताई तुर्भ्याला पॅकिंगच्या कामाला जातात. कमलमावशी वर्गात सगळ्यांत मोठ्या. आईच्या गायन पार्टीत गायलेल्या आता त्या एकट्याच उरल्या आहेत. दोघींनी चहा घेतला. मग शीलाताई म्हणाल्या, “भाऊ, बाईंच्या जलदानाला आमी त्यांच्या आईचं गाणं म्हणनार. पेटीचं काय करायचं?”

“दुसरं कोणी वाजवणारं नाही का?”

“हाय की. पन त्याला ह्या चाली कुठं येतात? तो आपल्या मनाचं वाजवतो, मंग आमी भरकटतो.”

“बाईंनी पेटी कम्प्युटरात घातलीय ना,” कमलमावशी म्हणाल्या. “तीच लाव.”

“ती अजून अर्धवट आहे, मावशी.”

“अर्धवट कशाला ठेवली?”

मी कपबशा उचलून आत गेलो. याचं खरं उत्तर त्यांना द्यायचं तर आपलं दीड वर्षाचं भांडण सांगावं लागलं असतं.

भांडणाची सुरुवात तुझ्या मनगटापासून. जिन्यात पडलीस, डावं मनगट मोडलं, जुळताना वाकडं जुळलं, आणि पेटीचा भाता ओढणं संपलं. उजवा हात धडधाकट असून काही उपयोग नाही, अशी ती अवस्था. तेव्हा मीच म्हणालो होतो की तुझी पेटी मी कम्प्युटरवर आणून देतो. तीन रविवार आपण तुझ्या स्वयंपाकघरात एकेक सूर रेकॉर्ड करत बसलो होतो. पंखा बंद, कुकर बंद, भाता माझ्या हातात, पट्ट्या तुझ्या बोटांखाली. शेजारच्यांचा मिक्सर सुरू झाला की तू भिंतीवर चापट मारायचीस. त्या तीन रविवारांत आपण एकदाही भांडलो नाही. तसं पुन्हा झालं नाही.

मी बनवलेलं ते प्लगइन, म्हणजे पेटीचा आवाज काढणारा भाग, नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरच्या आत जाऊन बसलं. सॉफ्टवेअर बाहेरचं, विकत मिळणारं. त्यात मला काही बदलता येत नाही. तू पाच रेघांवर सूर मांडायचीस, खाली शब्द आणि सरगम लिहायचीस, आणि बटण दाबलं की तुझीच पेटी तुझ्याशिवाय वाजायची. पहिलं गाणं तू पूर्ण ऐकलंस. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होतो.

“सुन्या,” तू म्हणालीस, “पेटी माझीच आहे. पण वाजवायला कोणीतरी कारकून बसलाय.”

तुझ्या पानावर सुरांइतक्याच सूचना. ‘इथे श्वास’, ‘भाता हलका’, ‘भाता भरून’, ‘सूर न सोडता पुढच्यावर जा’, ‘इथे जरा थांब’. यातलं काहीच वाजत नव्हतं. मी तुला समजावून सांगितलं की गाणं वाजत असताना सॉफ्टवेअर प्लगइनला फार थोडं कळवतं: कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, आणि गाणं कितव्या मात्रेवर आलं. बाकी जे तू लिहितेस ते पानावरच राहतं.

“म्हणजे मी लिहिलेलं त्याला दिसतच नाही?”

“नाही.”

“मग मी लिहिते कोणासाठी?”

“सूर पोचतात ना, ताई.”

“सूर काय, कुठल्याही पेटीला पोचतात.”

हे वाक्य तू इतक्या सहज बोललीस की मी आठवडाभर चिडलेला होतो. चिडण्याचं कारण हेच की ते बरोबर होतं. शेवटी मी माझ्या पद्धतीचं उत्तर काढलं. गाणं लिहून झालं की तू त्याची एक वेगळी फाइल काढायची. वाजवण्याआधी प्लगइन ती फाइल पूर्ण वाचून घेणार, सगळ्या सूचना कितव्या मात्रेवर आहेत ते लक्षात ठेवणार, आणि गाणं तिथे आलं की त्याप्रमाणे करणार. ऐन वाजण्याच्या वेळी प्लगइनला फाइल उघडून वाचत बसता येत नाही, आवाज तुटतो; म्हणून आधीच वाचायचं. चोख, व्यवस्थित काम होतं. आजही मी त्याला नावं ठेवणार नाही.

फक्त त्यासाठी लिहिणाऱ्याने ‘झालं’ असं म्हणायला हवं होतं. तू ते कधी म्हटलंच नाहीस. बायकांकडून गाऊन घेताना तू एक मात्रा वाढवायचीस, कडव्यामधली जागा कमी करायचीस, आणि फाइल पुन्हा काढायला विसरायचीस. मग जुन्या सूचना नव्या सुरांवर येऊन आदळायच्या. एका रविवारी ‘उजेड’ या शब्दात ‘उ’ आणि ‘जेड’ यांच्या मधोमध पेटीने लांब श्वास घेतला आणि अख्खा वर्ग हसत सुटला. तू मला तिथूनच फोन केलास. मागे शीलाताई ओरडून सांगत होत्या, “भाऊ, तुमच्या पेटीला दमा लागलाय!”

“तू फाइल परत काढली नाहीस,” मी म्हणालो.

“मी गाणं शिकवू का फायली काढू?”

“आधी पक्कं कर, मग वाजव.”

“वाजवल्याशिवाय पक्कं कसं होणार? त्याला वाजता वाजता कळलं पाहिजे.”

“वाजता वाजता कळवायची सोयच नाही त्यात. किती वेळा सांगू?”

हे संभाषण आपण किती रविवार केलं? शब्दसुद्धा बदलले नाहीत. मी तुला हट्टी म्हणायचो, तू मला इंजिनीअर म्हणायचीस, आणि तुझ्या तोंडी ती शिवीच असायची.

मग तो फोन. मी महाप्याला ऑफिसात होतो. तू नोटेशन भरायला वापरायचीस तो छोटा कीबोर्ड तुझ्यासमोर होता. “सुन्या, अगदी डावीकडची पट्टी दाबली की आवाज येत नाही, पण स्क्रीनवर तिथली पट्टी पेटते. म्हणजे पोचतं ना काहीतरी?” मी म्हणालो, ताई, आपल्या पेटीला तेवढे खालचे सूर नाहीत, म्हणून आवाज नाही, त्यात विशेष काही नाही, मी मीटिंगमध्ये आहे. तू “बरं” म्हणालीस. मीटिंग कशाची होती ते आज मला आठवत नाही.

त्यानंतरच्या रविवारी तू आत चहा करत होतीस आणि मी तुझ्या फाइली नीट करत होतो. प्रत्येक गाण्यात तळाला एक जास्तीची ओळ आली होती आणि तिच्यात भलतेच खालचे, पेटीत नसलेले सूर पसरले होते. मला वाटलं, कीबोर्डवर तुझा वाकडा हात टेकून पडले असतील. असला कचरा काढायला मी एक छोटी सोय करून ठेवली होती. एका दमात बावीस गाणी साफ केली. चहा घेऊन आलीस, स्क्रीन बघितलास, आणि कप खाली ठेवायचा विसरलीस.

“माझं काय पुसलंस तू?”

“काही नाही. न वाजणारे सूर होते.”

“मी घातले होते ते.”

“जे वाजतच नाही ते घालून काय करायचं, ताई?”

“मी त्यात सांगत होते.”

“कोणाला?”

“पेटीला.”

मी हसलो. आता यातून मी स्वतःला कितीही सोडवू पाहिलं तरी हसलो हे खरं आहे. तू लॅपटॉप मिटलास आणि म्हणालीस, “जा, तुझी बस चुकेल.” त्या बसनंतर तू मला बोलती अशी भेटली नाहीस. बारा दिवसांनी तुझ्या शेजारणीचा फोन आला.

तुझ्यावर चिडायचं कारण हेच आहे. तू एक वाक्य आणखी बोलायला हवं होतंस. मला गप्प करून, हाताला धरून, “बस इथे आणि ऐक” म्हणायला हवं होतंस. चाळीस वर्षं शाळेतल्या वर्गांना गप्प बसवलंस, मला का नाही?

शीलाताई गेल्यावर मी तुझा लॅपटॉप घेऊन आलो. ‘सुनीलने हात लावायच्या आधीची’ हे नाव मला टोमणा वाटला होता, आणि टोमणा तो होताच, पण त्या फाइलीत, तू कुठल्याशा जुन्या प्रतीवरून परत आणलेली, तळाची ओळ जशीच्या तशी होती. मी ती पहिल्यांदा वाचली. वर जिथे जिथे ‘श्वास’ लिहिलं होतं, त्याच्या बरोबर खाली प्रत्येक वेळी एकच ठरावीक खालचा सूर. ‘भाता हलका’ याच्या खाली दुसरा. ‘भाता भरून’ याला तिसरा. बावीस गाण्यांत कुठेही चूक नाही. तारीख घालायचा कंटाळा करणाऱ्या बाईने एकसुद्धा खूण इकडची तिकडे केली नव्हती.

ताई, हे इतकं सोपं होतं. सॉफ्टवेअर प्लगइनला फक्त सूर कळवतं ना? मग सूचनाच सुरांतून कळवायच्या, पेटीत नसलेल्या सुरांतून. आवाज होत नाही, पण निरोप पोचतो. फाइल काढायला नको, आधी वाचायला नको. सूर सरकवला की सूचनाही त्याच्याबरोबर सरकणार. या धंद्यातल्या लोकांना ही युक्ती जुनी आहे. मला पुस्तकातून माहीत होती. पण मी चोख व्यवस्था बांधत बसलो होतो, आणि तू एक पट्टी दाबून, दिवा बघून, तिथपर्यंत पोचली होतीस.

प्लगइनला त्या खुणा शिकवायला मला चार दिवस लागले. रजा काढली. श्वास जमला, हलका भाता जमला, भरलेला भाता जमला, न सोडता पुढे जाणंही बऱ्यापैकी जमलं. ‘इथे जरा थांब’ जमलं नाही आणि जमणारही नाही. वेळ पुढे नेणं सॉफ्टवेअरच्या हातात आहे, पेटीने कितीही म्हटलं तरी गाणं तिच्यासाठी थांबत नाही. यावर तू माझं डोकं खाल्लं असतंस. “थांब म्हटलं की थांबायचं, त्यात काय शिकवायचं?” मी तुझ्या वतीने हे स्वतःलाच ऐकवलं आणि स्वतःलाच उत्तर दिलं. चार दिवस घरात असंच चाललं होतं. बायको दारात येऊन बघून जायची.

एक खूण मात्र उरली. सगळ्यांत खालचा सूर, आणि तो एकाच गाण्यात, जे म्हणायचं ठरलं होतं त्यातच. शेवटच्या कडव्यात सलग आठ आवर्तनं लांबवलेला. वर कसलीही सूचना नाही. कडव्याचे सूर नेहमीसारखे लिहिलेले, शब्द लिहिलेले. मी तुझ्या वह्या चाळल्या, छापलेली पानं बघितली, मागची बाजूसुद्धा बघितली. काही नाही. इतर सगळीकडे दोनदा सांगणारी तू, नेमकं इथेच का गप्प? शेवटी ती खूण तशीच ठेवून मी शनिवारी सरावाला विहारात गेलो.

सतरा बायका बसल्या होत्या. स्पीकर जोडला, गाणं लावलं. पहिल्या श्वासाच्या जागी पेटीने बरोबर श्वास घेतला आणि शीलाताईंनी पदर तोंडाशी नेला. शेवटच्या कडव्यात मात्र कमलमावशींनी हात वर केला.

“बंद कर, बंद कर. इथं पेटी नसती.”

“नसते म्हणजे? सूर तर लिहिलेत.”

“ते आम्हाला शिकायला लिहिलेत. कडवं सुरू झालं की बाई हात काढायच्या पेटीवरून. अश्श्या.” त्यांनी दोन्ही तळवे उचलून दाखवले. “तुझी आईपण काढायची. हे कडवं बायांचं. पेटीनं गप्प बसून ऐकायचं.”

“मग बाईंनी हे लिहिलं का नाही कुठे?”

“आता हे काय लिहायचं?” मावशी म्हणाल्या. “सगळ्यांना माहीत हाय.”

सगळ्यांना. मी त्या सतरा जणींकडे बघितलं. खरोखरच सगळ्यांना माहीत होतं. आईच्या पोटचा मी, तिच्या गाण्याचं यंत्र बनवायला बसलेला, आणि माझ्याच कानावर ते कधी आलं नव्हतं. लहानपणी पार्टी गायला बसली की मी पुस्तक घेऊन मागच्या खोलीत जायचो. तू पेटीशेजारी बसायचीस.

मी तिथेच बसून प्लगइनला शेवटची खूण शिकवली: हा सूर दाबलेला आहे तोवर काहीही आलं तरी वाजायचं नाही. शिकवायला सगळ्यांत सोपी तीच होती.

रविवारी जलदानाला विहार भरला होता. त्रिसरण झालं, भन्तेजी बोलले, तुझ्या शाळेतल्या एक बाई बोलल्या. मग आपल्या बायका उभ्या राहिल्या, पांढऱ्या साड्यांत, तुझ्या फोटोकडे थोडी पाठ करून, कारण स्पीकर दुसऱ्या बाजूला होता. मी कोपऱ्यात टेबलाशी, समोर लॅपटॉप, शेजारी तुझा छोटा कीबोर्ड जोडलेला. दोन कडवी तुझ्या पेटीवर झाली. तिसरं सुरू झालं आणि पेटी गप्प झाली. स्क्रीनवर सूर पुढे सरकत होते, त्यांच्या डोक्यावरून हिरवी रेघ जात होती, आणि आवाज फक्त बायकांचा. मागच्या रांगेतली लोकं उगाच हलणं थांबवून ऐकू लागली.

सहाव्या आवर्तनात मला कळलं की त्या पेटीच्या सुराच्या वर चढल्यात. पेटी नसली की चढतातच, तू नेहमी कुरकुरायचीस. फार नाही, अर्ध्या सुराहून थोडं कमी, पण आता पेटी परत आली असती तर सगळ्यांच्या समोर, तुझ्या समोर, दोन आवाज एकमेकांना कापत गेले असते. तू असतीस तर काय केलं असतंस, हे मला यावेळी कोणाला विचारावं लागलं नाही. पानावर दोन आवर्तनं उरली होती. फाइल काढून, वाचून, पक्कं करून करायचं असतं तर तेवढा वेळच नव्हता.

मी हात लांब केला आणि कीबोर्डची अगदी डावीकडची, त्या शेवटच्या खुणेची पट्टी दाबली. आवाज आला नाही. स्क्रीनवरची पट्टी पेटली. आठवं आवर्तन संपलं, तुझी खालची खूण संपली, आणि पेटी आली नाही.

शीलाताईंनी एकदा वळून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणा. त्या म्हणू लागल्या. शेवटचं पालुपद, जे पेटीवर व्हायचं, तेही त्यांनी आपल्या चढलेल्या सुरातच म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि कमलमावशींना वाटलं म्हणून तिसऱ्यांदाही म्हटलं. तोवर लॅपटॉपवरचं गाणं केव्हाच संपून गेलं होतं. तरी मी पट्टीवरचं बोट उचललं नाही.